अर्धशिशी आणि मुंबईची धावपळ: डॉक्टरांच्या औषधाला आयुर्वेदाची जोड कशी द्यावी

मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांत मायग्रेनचं, म्हणजे अर्धशिशीचं, पहिलं निदान घरीच होतं आणि ते असतं ‘पित्त’. अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी पडली की जरा हलकं वाटतं. मग पित्तच, दुसरं काय? कोकम सरबत, मोरावळा, नाक्यावरच्या केमिस्टकडून अ‍ॅसिडिटीची गोळी, असं वर्षानुवर्षं चालतं. कुणाला ‘सायनस आहे’ म्हणून सांगितलेलं असतं, कुणाचा चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा तपासून झालेला असतो. मळमळ आणि उलटी मायग्रेनच्याच पोटात येतात हे कळेपर्यंत कॉलेज संपून नोकरी लागलेली असते.

ज्यांना नुकतंच मायग्रेनचं निदान झालंय किंवा तशी दाट शंका आहे, आणि ज्यांना औषधोपचारांसोबत आयुर्वेदाचाही आधार घ्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. अर्धशिशीत आयुर्वेदाकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दिनचर्या. काढे, भस्मं, तेलं त्यानंतर, आणि तीही दोन्हीकडच्या डॉक्टरांना ठाऊक असतील तरच. पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय.

पायरी १: निदान पक्कं करून घ्या

मायग्रेन हा मज्जासंस्थेचा आजार आहे. मोठ्या माणसांत औषध न घेतल्यास एक झटका साधारण ४ ते ७२ तास टिकतो. डोकं बहुधा एका बाजूने, नाडीच्या ठोक्यासारखं ठणकतं; जिना चढला, वाकलं की वाढतं. उजेड आणि आवाज नकोसे होतात, मळमळतं. अशा धर्तीचे किमान पाच झटके येऊन गेले असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर डॉक्टर मायग्रेन म्हणतात. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास तिप्पट आहे. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा, आंधळे ठिपके किंवा हाताला मुंग्या असं काही जाणवतं. त्याला ऑरा म्हणतात आणि ती साधारण ५ मिनिटं ते तासभर राहते. ऑरा असेल तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि ऑरा एकत्र आले की पक्षाघाताचा धोका वाढतो.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. झटके वारंवार येत असतील तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन ही पालिकेची रुग्णालयं आणि सरकारी जे. जे. आहेतच. केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, त्यामुळे अर्धा दिवस गेला असं धरूनच निघा; पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी जवळ ठेवा, नाहीतर डोकेदुखी दाखवायला जाऊन डोकेदुखीच घेऊन याल. प्रत्येकाला एमआरआय लागतोच असं नाही. डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणाले तर त्यांनी टाळाटाळ केली असं समजू नका.

काही लक्षणं मात्र मायग्रेनच्या खात्यात टाकायची नाहीत. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडणं. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा गरोदरपणात नव्याने उद्भवलेलं दुखणं. नेहमीच्या झटक्याची धाटणीच बदलणं. यांपैकी काही झालं तर वैद्यांची वेळ घेत बसू नका, कपाळाला सुंठही लावत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा. १०८ नंबरची रुग्णवाहिका मोफत आहे.

पायरी २: एक वही घाला

मोबाइलमधलं अ‍ॅप चालेल, पण किराणाच्या हिशेबाची छोटी वही जास्त टिकते असा माझा अनुभव. तारीख, दुखणं सुरू झालं ती वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं जेवण किती वाजता, पाळीचा दिवस, घेतलेली गोळी आणि गोळीने किती वेळात उतरलं. एवढंच लिहा. जास्त रकाने आखले की आठवड्यात वही बंद पडते.

वहीचा पहिला फायदा म्हणजे गोळ्यांचा आकडा समोर येतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान वर्गातल्या (झटका मोडण्यासाठी देतात त्या) आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखीला कारण होऊ लागतात. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक तर झटका अंगावर काढायचा, नाहीतर पर्समधली पट्टी आठवड्यात संपवायची.

दुसरा फायदा म्हणजे पूर्वखुणा सापडतात. झटक्याच्या काही तास ते दोन दिवस आधी सारख्या जांभया, मान भरून येणं, चिडचिड, गोडाची तीव्र इच्छा असं होतं. ‘चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं’ असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा झटका आधीच सुरू झालेला असतो आणि त्यानेच चॉकलेट मागितलेलं असतं.

वैद्यांनाही हीच वही दाखवायची. दुखणं दिवस चढेल तसं वाढतं आणि सूर्य कलला की उतरतं, की मध्यरात्री जाग आणतं, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने कळीचा असतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोग अकरा सांगितलेत. त्यांत अर्धावभेदक हा अर्ध्या डोक्याचा आणि सूर्यावर्त हा सूर्याबरोबर चढणारा-उतरणारा. आजच्या मायग्रेनशी यांची जोडी तंतोतंत जुळत नाही, पण वैद्य विचार करतात तो या वर्गवारीतून.

पायरी ३: वैद्य निवडताना

आयुर्वेदाची बीएएमएस ही पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यावर कायचिकित्सा (औषधोपचार) किंवा पंचकर्म (शरीरशुद्धीचे उपचार) यांत एमडी करता येतं. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. पाटीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक दिसायला हवा. दिसत नसेल तर विचारा. चांगले वैद्य याचा राग मानत नाहीत. रुग्णालयात जायचं असेल तर वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय सरकारी आहे आणि १९४१ पासूनचं. शीवला आयुर्विद्या प्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात एक सोय असते. पंचकर्म सुचवलं तर ते करणारा विभागही त्याच आवारात असतो.

पहिल्या भेटीत नाडी, जीभ, भूक, पोट साफ होण्याची वेळ, झोप, पाळी, घाम असं बरंच विचारलं जाईल. तुम्ही आपणहून तीन गोष्टी सांगायच्या: ऑरा आहे का, चालू औषधं कोणती (पट्ट्याच घेऊन जा, नावं आठवत बसू नका), आणि गरोदरपण, रक्तदाब, दमा, थायरॉइड यांपैकी काही आहे का.

‘न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या आजपासून बंद’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यांकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. प्रोप्रानोलॉलसारखं प्रतिबंधक (झटके येऊ नयेत म्हणून रोज घ्यायचं) औषध एकदम थांबवणं धोक्याचं असतं. मुळापासून कायमचं बरं करण्याची हमी, लेबल नसलेल्या पुड्या, पहिल्याच दिवशी मोठ्या पॅकेजचे पैसे आगाऊ, या तीन गोष्टी दिसल्या की काढता पाय घ्यावा.

पायरी ४: दिनचर्या, म्हणजे खरं काम

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, नवव्या अध्यायात, अर्धावभेदकाची कारणं दिलीत. कोरडं, रूक्ष खाणं, आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं, पूर्वेचा वारा आणि दव, मलमूत्रादी वेग (शरीराच्या नैसर्गिक हाका) अडवणं, अतिश्रम. वाचताना वाटतं, कुणीतरी सकाळच्या कर्जत लोकलच्या दारात उभं राहून यादी केली असावी. आजच्या न्यूरॉलॉजीची शिकवणही याच्या जवळपासच जाते: मायग्रेनच्या मेंदूला अचानक बदल सोसत नाही, म्हणून झोप, जेवण, पाणी नियमित ठेवा. दोन्ही शास्त्रांचं एकमत होतं अशा थोड्या जागांपैकी ही एक, त्यामुळे सगळा जोर इथे लावायला हरकत नाही.

*झोप.* उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. आठवडाभर साडेपाचला उठून रविवारी साडेनऊला उठलं की झोप लांबते, पहिला चहा चार तास उशिरा होतो, न्याहारी जेवणात मिसळते. मग रविवारची दुपार अंधाऱ्या खोलीत जाते. थकवा भरून काढायचा असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपा. रात्रपाळी टळत नसेल तर दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळीपेक्षा महिनाभर एकच पाळी मागून पाहा. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळतं.

*खाणं.* बदलापूर, विरार, पनवेलहून पहाटे निघणारी कितीतरी माणसं निव्वळ चहावर निघतात आणि पहिला घास साडेदहाला पडतो. निघण्यापूर्वी चार घास पोटात जाऊ द्या: मऊ भात आणि तूप, नाचणीची आंबील, रात्रीची भाकरी दुधात, काहीही. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा दोन-चार खजूर कायम असावेत. उलट बाजूला अध्यशन, म्हणजे अकराला वडापाव, एकला डबा, चारला भेळ, सातला स्टेशनबाहेरचं सँडविच. डब्याची वेळ पाळली तर मधलं आपोआप कमी होतं.

वैद्य बहुधा आंबट, फार तिखट, आंबवलेलं आणि रात्रीचं दही कमी करायला सांगतात. सगळं एकाच दिवशी सोडू नका. एकेक गोष्ट तीन-चार आठवडे बाजूला ठेवून वहीत फरक दिसतो का ते पाहा; नाही दिसला तर ती परत ताटात घ्या. इडली, ताक, चिंच, टोमॅटो सगळं वर्ज्य करून कुढत जेवणारी माणसं मी पाहिलीत, त्यांचं डोकं काही कमी दुखत नव्हतं.

*चहा.* एकदम सोडलात तर कॅफीन सुटल्याचीच डोकेदुखी होईल. दिवसाला दोन कप, ठरलेल्या वेळी, सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी. ऑफिसात ‘कटिंग’ किती झाले ते मोजा, कारण ते मोजले जात नाहीत. काही वेदनाशामक गोळ्यांतही कॅफीन असतं.

*उपवास.* हा नाजूक विषय आहे, विशेषतः सासरी. संकष्टीला मुंबईत चंद्रोदय कित्येकदा रात्री नऊनंतर होतो. दिवसभर चहावर राहून तेव्हा जेवायचं म्हणजे झटक्याला पाट मांडून बोलावणं. भुकेचा वेग अडवू नये असं चरकच सांगतात, हे सासूबाईंना सांगायला उपयोगी पडतं. उपवास करायचाच असेल तर दर तीन तासांनी दूध, फळं, राजगिरा किंवा वरईचा भात असं ठरवून खा; एकदाच भसाभस साबुदाण्याची खिचडी आणि मग कडकडीत, असं करू नका. निर्जळी मात्र नकोच.

*वेग अडवणं.* चरकाने न अडवण्याचे तेरा वेग सांगितलेत. लघवी अडवल्याने डोकं दुखतं असं त्यात स्पष्ट आहे, आणि शिंक अडवण्याच्या परिणामांत तर अर्धावभेदकाचं नावच घेतलंय. मुंबईत बायका दोन-दोन तासांच्या प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. वेग अडवणं आणि तहान मारणं असं दुहेरी नुकसान होतं, आणि पाण्याची कमतरता मायग्रेनला निमित्त ठरते हे न्यूरॉलॉजिस्टही सांगतील. उपाय वैद्यकीय कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. उठल्यावर पाणी, निघताना एकदा जाऊन येणं, आपल्या मार्गावर कुठल्या स्टेशनातलं प्रसाधनगृह वापरण्याजोगं आहे ते हेरून ठेवणं आणि ऑफिसात पोचल्या-पोचल्या पुन्हा पाणी. टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध चालू असेल तर पाणी आणखीच महत्त्वाचं, कारण त्या औषधाने मूतखड्याची शक्यता वाढते. शिंक आली तर रुमालात मोकळी शिंका, गर्दीची लाज बाळगू नका.

*केस धुणं.* न्हाल्यावर डोकं उठणं हा निव्वळ आजीबाईचा समज नाही. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ज्यांचा मायग्रेन केस धुतल्यावर चाळवत होता. पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी खिडकीत बसणाऱ्यांनी हे करून पाहावं: केस संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी धुवा, पाणी कोमट, पंचाने लगेच कोरडे करा आणि उपाशीपोटी न्हाऊ नका.

*ऊन, वारा, वास, आवाज.* पश्चिम रेल्वेवर सकाळी चर्चगेटकडे जाताना ऊन डाव्या हाताने येतं, आणि संध्याकाळी विरारकडे परततानाही डाव्याच हाताने; बसायला मिळालंच तर उजवी बाजू धरा. खांबांमागून लपलपणारा उजेड काहींना फार त्रास देतो, त्यांनी गॉगल लावावा. एसीचा झोत थेट डोक्यावर असेल तर जागा बदलून मागा किंवा स्कार्फ बांधा. डब्यात उग्र परफ्यूमवाली शेजारी आली तर नाकाशी वेलदोडा किंवा लिंबाची साल धरून वेळ निभावते. गणपतीत ढोल-ताशांसाठी कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. लालबागला जायचंच असेल तर नवसाच्या रांगेऐवजी मुखदर्शनाची रांग धरा. जागरण, भूक, उकाडा आणि आवाज एकाच रात्री नकोत.

*योग.* इथे पुरावा बऱ्यापैकी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १६० रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं: एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला औषधं आणि योग. तीन महिन्यांनी योग करणाऱ्यांचे झटके जास्त कमी झाले आणि गोळ्याही कमी लागल्या. २०२० मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात ते आलं. चाचणी शेवटपर्यंत ११४ जणांनीच पूर्ण केली, हेही ध्यानात असू द्या. संथ श्वसन, मानेच्या हलक्या हालचाली, शवासन एवढ्यापासून सुरुवात करा. शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका, आणि झटका चालू असताना तर काहीच नको.

पायरी ५: तेल, तूप, नाक

रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळणं हा सर्वांत निर्धोक घरगुती उपाय. झोप चांगली लागते, घरातलं कुणीतरी दहा मिनिटं शेजारी बसतं. मायग्रेनवर थेट असर होतो असा दावा मी करणार नाही. चोळून झाल्यावर पाय पुसा, ओल्या मोरीत घसरू नका.

नस्य म्हणजे नाकात औषधी तेल किंवा तूप सोडणं. नाक हे डोक्याचं दार, असं अष्टांगहृदयात म्हटलंय, म्हणून शिरोरोगांत नस्याला मान आहे. रोजचं प्रतिमर्श नस्य दोन-दोन थेंबांचं. मोठ्या मात्रेचं नस्य पंचकर्माच्या खोलीत, वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावं. सर्दी, ताप, पोटभर जेवण झाल्यावर, पाळीत, गरोदरपणात ते करू नये असं वैद्यच सांगतात. दमा असेल तर आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा. तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, त्यामुळे व्हिडिओ पाहून डोकं मागे टाकून तेल ओढण्याचा उद्योग नको.

शिरोधारेने, म्हणजे कपाळावर तेलाची संथ धार सोडण्याने, मन निवतं, ताण उतरतो. मायग्रेनच्या झटक्यांवर तिचा परिणाम तपासणारे अभ्यास लहान आहेत. खर्चिक आहे, शिवाय शिरोधारा करून गर्दीच्या लोकलने तेलकट डोक्याने परतायचं असेल तर मिळवलेलं अर्धं जातं. घराजवळ सोय असेल आणि सुट्टीचा दिवस असेल तरच करा. विरेचन (जुलाब देणं) वगैरे शोधनाचे उपचार आपल्या मनाने, एरंडेल पिऊन वगैरे, करायचे नसतात.

पायरी ६: पोटात घ्यायची औषधं

पथ्यादि काढा, गोदंती भस्म, सूतशेखर, शिरःशूलादि वज्र रस ही नावं दादर-गिरगावच्या आयुर्वेदिक दुकानांत मागितली की मिळतात, आणि अडचण तिथेच आहे. सूतशेखराच्या पाठात पारा, गंधक, ताम्रभस्म आणि बचनाग ही विषारी वनस्पती असते. वज्र रसातही पारा आणि धातूंची भस्मं आहेत. ‘रस’ आणि ‘भस्म’ अशी नावं असलेलं औषध नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजारणीच्या उरलेल्या बाटलीतून तर नाहीच. किती दिवस घ्यायचं आणि कधी थांबवायचं हे चिठ्ठीवर लिहून मागा. बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख पाहा.

काढेही अगदी निरुपद्रवी नसतात. पथ्यादि काढ्यात गुळवेल असते. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काही असो, यकृताचा आजार असेल किंवा व्हॅल्प्रोएट हे प्रतिबंधक औषध चालू असेल तर रक्त तपासल्याशिवाय काढा सुरू करू नये.

न्यूरॉलॉजिस्टच्या औषधांशी होणारी टक्कर दोघांनाही माहीत असतेच असं नाही. गुग्गुळाने प्रोप्रानोलॉलचं शोषण कमी होऊ शकतं. मिरी-पिंपळीतल्या पायपरीनने उलट ते वाढू शकतं (स्वयंपाकातल्या चिमूटभर मिऱ्याबद्दल बोलत नाहीये, रोजच्या औषधी मात्रेबद्दल). अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा फ्लुनारिझिन या प्रतिबंधक गोळ्यांनी आधीच गुंगी येत असेल तर जटामांसी, तगर, अश्वगंधा यांनी ती वाढू शकते. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. म्हणून दोन्हीकडच्या चिठ्ठ्यांचे फोटो मोबाइलमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक भेटीत दोन्ही दाखवा. न्यूरॉलॉजिस्ट नाक मुरडतील या भीतीने काढा लपवू नका. मुरडू दे नाक, पण माहिती असू दे.

नवं काही सुरू करायचं तर एका वेळी एकच. प्रतिबंधक गोळी, काढा, नस्य आणि योग एकाच सोमवारी सुरू केलंत, तर कशाने बरं वाटलं आणि कशाने पुरळ उठलं, काहीच कळणार नाही.

पायरी ७: झटका आलाच तर

डॉक्टरांनी झटक्यासाठी दिलेली गोळी सुरुवातीलाच घ्या. ‘बघू अजून थोडं’ म्हणत थांबलात तर मायग्रेनमध्ये जठर मंदावतं आणि गोळी पोटातच पडून राहते. उलट्या होत असतील तर उलटीची गोळी, जिभेवर विरघळणारं औषध किंवा नाकातला फवारा असे पर्याय आधीच विचारून ठेवा. हृदयरोग असलेल्यांना ट्रिप्टान चालत नाहीत, हे दुसऱ्याची गोळी उसनी घेण्यापूर्वी आठवा.

आयुर्वेदाची जोड इथे बाहेरून आणि थोडीच. सुंठ उगाळून कपाळाला पातळ लेप. आग झाली तर लगेच पुसा, डोळ्यांपासून लांब ठेवा. मळमळीला आल्याचा तुकडा चघळा किंवा कोमट सुंठपाणी घोट घोट घ्या. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो याला आधुनिक अभ्यासांचाही बऱ्यापैकी आधार आहे. खोली अंधारी, पंखा हळू. चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये अंधारी खोली कुठून आणायची, हा प्रश्न खराच. डोळ्यांवर ओला रुमाल आणि कानात बोळे एवढ्याने बरंच निभावतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा की त्या तासाभरात कुकरची शिट्टी, टीव्ही आणि ‘आता कसं वाटतंय?’ तिन्ही बंद.

लोकलमध्ये झटका सुरू झाला तर पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरा, बाकावर बसा, गोळी घ्या, वीस-पंचवीस मिनिटं गाड्या जाऊ द्या. पर्समध्ये एक छोटी पिशवी कायम असावी: गोळी, पाणी, सुंठेचा किंवा आल्यापाकाचा तुकडा, गॉगल, बोळे, प्लास्टिकची पिशवी आणि घरच्या नंबरची चिठ्ठी. ऑरामध्ये कित्येकांना मोबाइलचा पडदा धड वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी.

पायरी ८: तीन महिन्यांनी

प्रतिबंधक औषधाला परिणाम दाखवायला दोन-तीन महिने द्यावे लागतात, दिनचर्येलाही तेवढाच वेळ लागतो. तोवर ‘काही फरक नाही’ म्हणून वैद्य बदलू नका आणि न्यूरॉलॉजिस्टही. तीन महिन्यांनी वही उघडून महिन्यातले दुखण्याचे दिवस, गोळ्यांचे दिवस आणि बुडालेले कामाचे दिवस मोजा. दुखण्याचे दिवस महिन्याला १५ किंवा जास्त असतील आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर तो जुनाट मायग्रेन असू शकतो. अशा वेळी उपचार बदलावे लागतात. बोटॉक्स, सीजीआरपीविरोधी (मायग्रेनमध्ये भाग घेणाऱ्या एका प्रथिनाला रोखणारी) इंजेक्शनं असे पर्याय आता मुंबईत मिळतात, मात्र महाग आहेत.

आकडे उतरले असतील तर कमी काय करायचं हा पुढचा प्रश्न येतो. प्रतिबंधक गोळी कमी करायची ती न्यूरॉलॉजिस्टने, पायरीपायरीने; काढा किंवा भस्म थांबवायचं ते वैद्यांनी. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तो गरोदर राहण्यापूर्वीच दोघांना सांगा, कारण व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला घातक ठरू शकतात आणि धातू असलेली आयुर्वेदिक औषधंही तेव्हा नकोत. साडेपाचचा गजर, सकाळचे चार घास आणि वहीतली रोजची ओळ मात्र दोघांपैकी कुणीही बंद करायला सांगणार नाही.